मोडलेल्या शेंगा

सुरजने ओटीवर पिशव्यांचा गठ्ठा टाकला, शेजारी वजनकाटा ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, "कोणी हात लावू नका. आधी ऐका."

असं सांगितल्यावर हात न लावणारी माणसं या घरात जन्मालाच आली नव्हती. गोजरआत्यांनी पहिली पिशवी उचलली, उजेडाकडे धरली आणि आरपार पाहिलं. सुरजच्या बापाची, चंदरची, ही थोरली बहीण. नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या त्याला पंचवीस वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून घर त्यांच्याच शब्दावर चाललं होतं.

"याला भोकं कशाला पाडलीत रे?"

"हवा लागायला, आत्या. नायतर शेंगा आत घुसमटतात."

"बघ गो चंद्रकला! माणूस घुसमटला तर कोण इचारत नाय, आणि शेंगांना भोकं."

चंद्रकला सुपात तांदूळ पाखडत होती, ती हसली. सुरज तिचा धाकटा. सहा महिन्यांपूर्वी मुलुंडच्या एका नव्या कंपनीत लागला होता, आणि तिथे नक्की काय चालतं ते तिला अजून धड सांगता येत नव्हतं. गावात कोणी विचारलं की ती सांगायची, कॉम्प्युटरवर भाजी विकतात. मग विचारणारा तिच्या तोंडाकडे बघत राहायचा.

"परत एकदा सांगतो," सुरज म्हणाला. "मुलुंडची बाई घरी बसून कॉम्प्युटरवर फोटो बघते. तिथेच किती पायजे ते टाकते. आमच्याकडे यादी येते. सकाळी दहाच्या आत भाजी तिच्या दारात."

"आणि शेंग कवळी हाय का जून हाय, ते कुठून बघते?"

"नाय बघत. आपल्यावर सोडते."

"अगो बाई! न बघता मी जन्मात एक नवरा तेवढा केला. तो बरा निघाला, पण आठ वर्षांत गेला."

सुरजला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. त्याच्या जिवाला घोर होता. साहेबांना त्यानेच सांगितलं होतं की वाशीच्या बाजारातून शिळा माल कशाला, आसनगावला आमच्या घरचा वाल आहे, भातानंतरचा, नुसत्या दवावर पोसलेला. साहेब म्हणाले होते, एकदा ट्राय करू. तीस पिशव्या. बरोबर पोचल्या तर दर शनिवारी गावातून टेम्पो. नाही पोचल्या तर विषय संपला, आणि कदाचित सुरजही.

"प्रत्येक पिशवीत अर्धा किलो. शेंगा अख्ख्या. धुवायच्या नाय, मोडायच्या नाय. काटा पाचशेवर आला की तोंड बांधून ही चिठ्ठी चिकटवायची. नावं मी मराठीत लिहिलीत, आई, तुला वाचता येतील. मी शहापूरला जाऊन टेम्पोचं नक्की करून येतो. बाबा कधी येतील?"

"मुरबाडला बारशाला गेलेत, जीपने यायचे. दिवेलागणीला येतील," चंद्रकला म्हणाली.

सुरज गेला. जाताना चिठ्ठ्यांचा जुडगा त्याने आईच्या हातात दिला. खरं तर तो त्याने खिशातच ठेवायला हवा होता, आणि आल्यावर स्वतः चिठ्ठ्या लावायला हव्या होत्या. त्यात कोणाचं नाव आहे ते विसरला म्हणावं, की मुद्दाम दिला म्हणावं? पुढे कितीदा विचारलं तरी त्याने याचं सरळ उत्तर दिलं नाही.

चंद्रकला सातवी शिकलेली. नावं वाचायला तिला गंमत वाटायची. ती एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचू लागली. "शहा. नायर. गोखले. डिसोझा. सौ. टिपणीस, कुत्र्यापासून सावध."

"शेंगा कुत्रा खानार हाय का?"

"तसं नाय आक्का, शेंगा द्यायला जाणाऱ्यासाठी लिवलंय."

आणि मग ती गप्प झाली. हातात एकोणिसावी चिठ्ठी होती.

दिपिका नवसू निरगुडा. बी विंग, तिसरा माळा, मुलुंड पूर्व. वाल शेंगा, अर्धा किलो.

तिने ती पुन्हा वाचली. मग पदराने हात पुसले आणि तिसऱ्यांदा वाचली.

चार वर्षांत या घरात ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. थोरली लेक. मुरबाडला, धाकटा दीर रघू याच्या मेहुण्याच्या घरी तिची सोयरीक ठरलेली होती, सुपारी फुटलेली होती, आणि पोरगी एक दिवस कल्याणला जाऊन नवसूशी लग्न करून मोकळी झाली. नवसू पोस्टात नोकरीला, शिकलेला, गरीब स्वभावाचा. पण तो होता आदिवासी वाडीवरचा, मंगळ्याचा पोर, आणि मंगळ्याने या घराच्या शेतात लावणीची मजुरी केलेली. चंदरने त्या दिवशी अंगणात उभं राहून सांगितलं होतं की माझ्या शेतातलं पानसुद्धा तिच्या घरात जाता कामा नये. तेव्हापासून गेलं नव्हतं.

आणि आता पोर बापाच्या शेतातला वाल विकत मागवत होती. अर्धा किलो.

चंद्रकलेला आधी रडू आलं नाही. आधी तिला राग आला. नवऱ्याचा, सुरजचा, त्या कॉम्प्युटरचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण चार वर्षं तीही गप्पच बसली होती. मग तिने शेजारच्या हाऱ्यातल्या, मोठ्या टोपलीतल्या, दोन ओंजळी शेंगा मांडीवर घेतल्या आणि शिरा काढायला लागली. एकेक शेंग उचलायची, टोक मोडून शीर ओढायची, मधोमध मोडायची, आत कीड आहे का बघायचं.

या घराची ही रीत होती. नवा वाल आला की पहिली ओंजळ देवापुढे, आणि दुसरा वाटा सासरी असलेल्या लेकीचा. तो वाटा कधी अख्खा पाठवायचा नाही. शिरा काढून, मोडून, फडक्यात बांधून द्यायचा. माहेरच्या भाजीने लेकीचं सासरी काम वाढू नये, तिने नुसती फोडणी टाकावी आणि सगळ्यांच्या आधी दोन घास खावेत, एवढाच त्यातला अर्थ. शेजारपाजारच्या बाया या रीतीला हसायच्या. पण गोजरआत्यांच्या सासरी त्यांच्या बापाने मरेपर्यंत वाल मोडूनच पाठवला होता.

म्हणूनच आत्यांना ते लगेच दिसलं.

"चंद्रकला, पोरगा काय बोलून गेला? मोडायच्या नाय बोलला ना?"

चंद्रकला मान वर करेना.

"कोणासाठी मोडतेस गो?"

चंद्रकलेने चिठ्ठी पुढे केली. आत्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी ती हातात घेतली, उलटी धरली, मग चंद्रकलेच्या डोळ्यांकडे बघितलं. पुढे काही विचारायची गरज उरली नाही.

खरं सांगायचं तर दिपिका गेली तेव्हा सगळ्यात जास्त बोलल्या होत्या त्या आत्याच. तोंड काळं केलंन, घराला बट्टा लावलान, काय नाही ते. चंद्रकलेला वाटलं आता पुन्हा तेच सुरू होणार. ती वाट बघत राहिली.

"सरक," आत्या म्हणाल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. पाय पसरले. हारा स्वतःकडे ओढला. "एकच पिशवी मोडलेली दिसली तर चंदर इचारल, हीच का वेगळी? मग काय सांगशील?"

"मग काय करू आक्का?"

"सगळ्याच मोडू."

"पंधरा किलो?"

"नायतर काय. सगळ्या सारख्या असल्या की कोणाच्या डोळ्यात येत नाय. त्या बाकीच्या एकोणतीस पण कोणाच्या तरी लेकीच हायेत ना? खातील बिचाऱ्या."

"सुरज बोलला मोडायच्या नाय म्हणून. उद्यापर्यंत कडा काळ्या पडतील."

"उद्या सकाळी जानार, दुपारी शिजनार. पोरांना काय कळतंय. तू हात चालव."

तासाभराने रघू मळ्यातून आला. चंदरचा धाकटा भाऊ, जरा हलक्या कानाचा, बायको सांगेल ती पूर्व दिशा. बायको बारशासाठी चार दिवस मुरबाडलाच राहिली होती. वहिनी आणि बहीण शेंगांच्या ढिगात बसलेल्या बघून तो थबकला.

"वयनी, हे काय? विकायच्या शेंगा मोडताय?"

"तिकडच्या बायांना येळ नसतो," आत्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "हापिसातून सांगितलंय. बस, हात लाव."

रघू बसला. या घरात आत्या बस म्हणाल्या की माणूस आधी बसायचा आणि विचार नंतर करायचा. एकीकडे तो मुरबाडच्या गप्पा सांगत होता, मेहुण्याच्या पोराला दुसरा मुलगा झाला, बारशाला दीडशे पान आहे, केटरर लावलाय. ज्या पोराला दिपिकेने नाकारलं, त्याच्याच घरचं हे बारसं. नाराजी राहू नये म्हणून चंदर दरवेळी स्वतः जायचा, आहेर घेऊन.

पिशव्या भरत रघूच चिठ्ठ्या चिकटवत होता. एकोणिसावी त्याच्या हातात आली तशी चंद्रकलेचे हात थांबले. हा आता उठणार, दादाला सांगणार, आणि मुरबाडलाही कळणार, असं तिच्या मनात आलं.

रघूने चिठ्ठी वाचली. चिकटवली. ती सरळ बसली नव्हती म्हणून नखाने उचकटून पुन्हा नीट लावली.

"हिला वाल लई आवडायचा," तो हळूच म्हणाला. "ताटात बटाटा मला काढून द्यायची आणि माझ्यातला वाल उचलायची."

 त्यानंतर तिघांचेही हात भराभर चालले.

सुरज आणि चंदर एकाच वेळी दारात आले, हे नशीब म्हणायचं. जीप फाट्यावर थांबली तिथे सुरजने बापाला गाठलं आणि दोघं चालत आले. ओटीवर बावीस पिशव्या ओळीने उभ्या होत्या, आणि शिरांचा ढीग एवढा की गुरांची एक वेळ भागली असती.

"आत्या!" सुरजचा आवाजच फाटला. "काय केलंत हे? मोडायच्या नाय बोललो होतो ना? उद्या काळ्या पडल्या की सगळ्या परत येतील! साहेब मला दारात उभा करणार नाय!"

"वरडू नको. माझी चूक हाय," आत्या म्हणाल्या.

"पण का? का मोडल्या?"

चंदर पायरीवर उभाच होता. त्याने बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे. शेंगा मोडलेल्या बघून या घरातल्या माणसाच्या मनात एकच गोष्ट येते. तो ओळीपाशी गेला, वाकला आणि एकेक चिठ्ठी वाचत पुढे सरकला. मग एक पिशवी त्याने उचलली.

"ही इथं कशी?"

सुरजचा चेहरा उतरला. "तिने ऑर्डर दिली, बाबा. बाकीच्यांसारखीच. मी तिला बोललो नव्हतो मागव म्हणून. फक्त सांगितलं होतं की या वेळचा वाल आपला हाय."

"म्हणजे तू जातोस तिकडं."

"जातो. दर पंधरा दिवसांनी जातो. जेवतो पण."

चंद्रकलेने इतका वेळ धरलेलं सगळं सुटलं. ती उठून उभी राहिली आणि बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा नवऱ्यासमोर तिचा आवाज चढला. "मला मारायचं तर मारा. पण माझी लेक माझ्या दारची भाजी पैसे टाकून मागवते, आणि मी ती पिशवीत भरून तिच्या नावाची चिठ्ठी लावू? गोखल्यांसारखी? शहांसारखी? माझ्याच्यानं नाय झालं. मोडल्या मी. तिच्यासाठी मोडल्या. आक्का नायत, मी."

चंदर तसाच उभा होता. त्याला राग यायला हवा होता, सगळे त्याचीच वाट बघत होते, आणि तोही. पण राग येईना. त्याच्या डोक्यात दुपारपासून दुसरंच काहीतरी घोळत होतं.

बारशाच्या मांडवात तो पोरगा, ज्याच्या मानापमानासाठी चंदरने चार वर्षं तोंड शिवून घेतलं होतं, तो हसत त्याच्या पाया पडायला आला होता. कडेवर थोरला पोर. तब्येत सुटलेली. आणि अगदी सहज त्याने विचारलं होतं, "काका, दिपिका कशी हाय? पोरंबाळं किती तिला?" मनात काही धरून नाही, टोमणा नाही. शाळेतल्या जुन्या मैत्रिणीबद्दल विचारावं तसं. चंदर "बरी हाय" एवढंच म्हणाला होता. पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्याला येत नव्हतं. दीडशे माणसांच्या मांडवात स्वतःच्या लेकीला किती मुलं आहेत हे माहीत नसलेला तो एकटाच बाप असावा. जेवण न घेताच तो जीपमध्ये बसला होता.

"किती पोरं तिला?" त्याने आता विचारलं.

सुरजला आधी कळलंच नाही. "कोणाला?"

"दिपीला."

चार वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून आलं.

"एक. मुलगी. तीन वर्षांची होईल."

"नाव काय?"

"मनस्वी."

"कोणासारखी?"

"तुमच्यासारखी," सुरज म्हणाला. "हट्टी हाय."

आत्या पदर तोंडाला लावून हसल्या की रडल्या ते कळलं नाही. चंदरने ती पिशवी ओळीत परत ठेवली नाही. बाजूला, दाराच्या आत ठेवली.

"बाकीचं काय करायचं ते बोला. पोराची नोकरी जाईल," तो म्हणाला.

मग घर कामाला लागलं. मोडलेला वाल ठेवून उपयोग नव्हता, म्हणून आत्यांनी तो सगळ्या आळीत वाटला, आणि त्या शुक्रवारी एकही घर असं नव्हतं जिथे वाल शिजला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच पाचही जण शेतात होते. थंडी मरणाची. दवाने साड्या आणि धोतरं गुडघ्यापर्यंत भिजली. चंदर आणि रघू शेंगा तोडायचे, आत्या निवडायच्या, चंद्रकला वजन करायची, आणि सुरज प्रत्येक पिशवीला स्वतः चिठ्ठी लावायचा. आता कोणावर त्याचा भरवसा नव्हता. एकोणतीस पिशव्या, अख्ख्या शेंगा, पाचशे म्हणजे पाचशे. टेम्पो फाट्यावर आला तेव्हा पुरता उजेड झाला होता.

चंदर घरातून बाहेर आला तो धुतलेला सदरा घालून. हातात ती तिसावी पिशवी.

"मी जातो याच्यासोबत," तो म्हणाला. आणि मग चंद्रकलेकडे न बघता, "लुगडं बदल. तूपण चल. मला तिथला पत्ता वाचता येनार नाय."

चंदर गावच्या सोसायटीचा अकरा वर्षं सेक्रेटरी होता. वाचता येत नाही म्हणे! पण आत्यांनी डोळ्यांनीच सगळ्यांना दटावलं आणि कोणी हसलं नाही.

टेम्पोत पुढे तिघं दाटीवाटीने बसले. टेम्पो कल्याणच्या रस्त्याला लागला. चंद्रकलेला कशाचंच भान नव्हतं. ती प्रत्येक पाटी वाचत होती आणि मुलुंड अजून का येत नाही म्हणून सुरजला विचारत होती. चंदर पूर्ण वाटभर एकदाच बोलला. "मंगळ्या कसा हाय?"

"तिच्याकडेच असतो आता," सुरज म्हणाला. "गुडघे दुखतात त्याचे."

चंदरने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघितलं.

बी विंगला जिना अरुंद होता. सुरज बाकीच्या पिशव्या द्यायला दुसऱ्या इमारतीत गेला. तो मुद्दामच गेला, हे दोघांनाही कळलं. तिसऱ्या माळ्यापर्यंत चंदर दोनदा थांबला. दम लागला म्हणाला. चंद्रकलेने पिशवी मात्र त्याच्याकडून घेतली नाही. ती त्यानेच द्यायची होती.

बेल दाबायला तो धजेना, तेव्हा तिनेच दाबली.

दार उघडलं ते एका लहान पोरीने, टाचा उंचावून. फ्रॉकची बटणं वरखाली लागलेली. तिने चंदरच्या हातातली पिशवी बघितली, दोघांची तोंडं बघितली आणि वळून आत ओरडली, "आई, भाजीवाले आले!"

आतून कुकरची शिट्टी आणि मग दिपिकेचा आवाज. "थांबायला सांग हां बाळा. पैसे आणते."

चंद्रकलेने तोंडात पदर कोंबला. पोरगी चंदरकडे टक लावून बघत होती आणि तो तिच्याकडे. त्याच्यासारखंच रुंद कपाळ होतं, त्याच्यासारख्याच जुळलेल्या भुवया. मग पायांचा आवाज जवळ आला, आणि दिपिका नोटा मोजत दारात आली, मान खाली, "किती झाले?" म्हणत.

तिने वर बघितलं. नोटा हातातच राहिल्या.

चंदरला रस्ताभर पुष्कळ काही सुचलं होतं. त्याने नुसती पिशवी पुढे केली, तिच्या आईने मोडलेली, कडा काळ्या पडलेली, अर्धा किलो.

"पैसे नको गो," तो म्हणाला. "आमाला आत घे."